जहाज क्रमांक सत्तेचाळीस

समुद्र मी अजून पाहिलेला नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जहाजाबद्दल बरंच येणार आहे आणि वाचणाऱ्याला वाटेल की हिला त्यातलं काही कळतं. जळगाव ते धुळे, धुळे ते शिंदखेडा आणि तिथून तापीच्या बाजूला एक गाव, एवढाच आमचा प्रवास. नकाशावर तो बोटभर दिसतो. प्रत्यक्षात त्याने तीन दिवस माझा जीव खाल्ला.

आमचा म्हणजे माझा आणि अण्णांचा. अण्णा माझे वडील, नशिराबादला गवंडीकाम करतात. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. त्यामुळे ‘कॉलेजचं काम आहे’ म्हटलं की घरात कुणी नको म्हणत नाही, पण एकटीला कुणी सोडतही नाही. आई डाळ मिलमध्ये जाते, तिला सुट्टी नव्हती. म्हणून अण्णा आले. पिशवीत ओळंबा, म्हणजे भिंत सरळ उभी आहे का ते बघायचा दोरीला बांधलेला गोळा, घेऊन आले. कशाला, असं विचारलं तर म्हणाले, “राहू दे. हाताला सवय आहे.”

काम असं होतं. आमचे इतिहासाचे देवरेसर तरुण असताना कधीतरी त्या गावच्या सरकारी बंगल्यात एक रात्र राहिले होते. तिथे त्यांनी एक मोठं तैलचित्र पाहिलं. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी एक गोरा इंजिनियर पुलाच्या कामाला खानदेशात आला, काम संपल्यावर नोकरी सोडून इथेच राहिला आणि हौसेने चित्रं काढू लागला. त्यातलं हे एकच उरलंय, असं सरांना कळलं होतं. खानदेशात बसून त्याने काढलं काय, तर वादळातलं जहाज. सरांच्या जुन्या वहीत त्यावर तीन ओळी होत्या. शेवटची ओळ अशी: ‘जहाजाच्या काळ्या कुशीवर पांढरा आकडा, ४७.’

या तीन ओळींवर मी अकरा पानांचा निबंध लिहिला. शनिवारी कॉलेजात तो वाचायचा होता. निवडला गेला तर पुढे पुण्याला जायचं, आणि पुणं म्हणजे माझ्यासाठी विलायतच. अकरातली चार पानं एकट्या सत्तेचाळीसवर होती. जुन्या काळी फौजेची माणसं वाहणाऱ्या भाड्याच्या जहाजांवर मोठे आकडे रंगवत, असं मला वाचनालयातल्या एका पुस्तकात सापडलं. तेव्हा हा इंजिनियर फौजेच्या जहाजातून आला आणि ज्या जहाजातून आला तेच त्याने आठवून काढलं, असा माझा सिद्धान्त. सरांना तो फार आवडला. त्यांनी माझे न आणि ण स्वतः पेन्सिलीने नीट करून दिले होते. मग निबंध पाहणाऱ्या समितीतल्या एका बाईंनी सहज विचारलं, “चित्र पाहिलंस ना?”

मी पाहिलं नव्हतं.

मंगळवार, धुळे

धुळ्याला जायचं कारण, बंगला ज्या खात्याचा आहे त्याचं कार्यालय तिथे आहे. एरंडोल गेलं, पारोळा गेलं. पारोळ्यापुढे केळीच्या बागा संपल्या आणि मोकळी रानं सुरू झाली. आमच्याकडे डोळ्यांना हिरव्याची इतकी सवय, की इकडची उघडी जमीन बघून कुणी अंथरूण काढून नेल्यासारखं वाटतं. अण्णांचं लक्ष मात्र शेतांकडे नव्हतं. दिसेल त्या घराच्या भिंतीवर त्यांचं मत चालू होतं. “ही पावसात जाईल. ही कुणीतरी शिकाऊनं बांधली.” सगळी बस ऐकत होती.

कार्यालयातल्या कारकुनाने मला चार वेळा विचारलं, काय पाहायचंय.

“चित्र.”

“कसलं?”

“जहाजाचं.”

“ताई, हे खातं रस्त्यांचं आणि पुलांचं आहे. जहाजाचं नाही.”

मी सगळं पहिल्यापासून सांगितलं. माझा आवाज अशा वेळी बारीक होतो, त्यामुळे तेही दोनदा सांगावं लागलं. शेवटी त्यांनी बंगल्यातल्या सामानाची नोंदवही काढली आणि बोट फिरवत वाचू लागले. खुर्च्या, मेजं, कंदील, पाण्याचं पिंप, पलंग. “चित्र नाही यात.” मग बोट एका जागी थांबलं. “फ्रेम, लाकडी, मोठी, एक. ही असेल तुमची.”

“तीच.”

“मग हरवायची भीती नाही. वहीत आली म्हणजे सुटत नाही. पण फ्रेम कशासाठी बघायची?”

“अभ्यासासाठी.”

“अभ्यास या रकान्यात बसत नाही.”

जेवणाची सुट्टी झाली, मग साहेब मीटिंगला गेले, मग चहा आला. तेवढ्या वेळात अण्णा खुर्चीवर बसून डुलक्या घेत होते. त्या कार्यालयात प्रत्येक खुर्चीच्या पाठीवर पांढऱ्या रंगाने आकडा घातलेला होता, टेबलांवर होता, कपाटावर होता, पाण्याच्या माठाच्या तिवईवरही होता. अण्णा जागे झाले आणि मागे वळून आपल्या खुर्चीचा आकडा पाहून म्हणाले, “बई, चल लवकर. अजून बसलो तर मलेबी आकडा टाकतील.”

कारकून पहिल्यांदा हसले. कदाचित त्यामुळेच असेल, त्यांनी माझा अर्ज स्वतः लिहून दिला. कारणाच्या रकान्यात लिहिलं, ‘फ्रेमची पाहणी’. “पाहणी केली की अहवाल द्यावा लागतो, लक्षात ठेवा,” असंही म्हणाले. मी मान डोलावली. परवानगी मिळत असती तर मी त्या वेळी पुलाचा अहवालही कबूल केला असता.

मुक्काम अण्णांच्या मावसभावाकडे. जय भीम झाला, चहा झाला, आणि काकूंनी शेवभाजी वाढली. जळगावची शेवभाजी मी लहानपणापासून खाते, पण धुळ्याची तर्री वेगळीच. पहिल्या घासाला माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. काकूंना वाटलं मी कार्यालयातल्या त्रासाने रडते आहे. त्यांनी जवळ घेतलं. मीही त्यांना बिलगले, कारण ते पूर्ण खोटंही नव्हतं.

बुधवार, शिंदखेडा

बंगल्याची किल्ली शिंदखेड्याच्या लहान कार्यालयात असते. सोनगीरची टेकडी मागे टाकून आम्ही सकाळीच तिथे पोचलो, तर किल्ली ज्यांच्याकडे असते ते भाऊ साखरपुड्याला गेलेले. “येतीलच आता,” असं तिथल्या शिपायाने नऊ वाजता सांगितलं, दहा वाजता सांगितलं आणि साडेअकराला सांगितलं.

या वेळात अण्णांनी काय करावं? कार्यालयाला नवीन कुंपणाची भिंत बांधली होती. अण्णांनी पिशवीतून ओळंबा काढला आणि भिंतीला लावला. लटकता गोळा भिंतीपासून कुठे लांब, कुठे जवळ. ते शिपायाला बोलावून दाखवू लागले. शिपायाने आतून कनिष्ठ अभियंत्यांना बोलावलं, बहुतेक मजा म्हणून. अभियंते तरुण होते, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठे असतील. त्यांनी भिंतीकडे पाहिलं, गोळ्याकडे पाहिलं आणि विचारलं, “तुम्ही कोण?”

“मी? मी फ्रेमीच्या पाहणीला आलोय,” अण्णा म्हणाले.

मी अण्णांना ओढून बाभळीखाली नेलं. “अण्णा, आपण इथं मागायला आलोय. चुका काढायला नाही.”

“मी कुठं चूक काढली? ती बाहेर आलेलीच आहे.”

किल्लीवाले भाऊ आले तेव्हा अभियंत्यांनी आमचा कागद बराच वेळ उलटापालटा करून पाहिला. मला वाटलं, संपलं. अकरा पानं, पुणं, सगळं एका ओळंब्यापायी गेलं. पण त्यांनी सही केली. कागद मला देताना अण्णांकडे न बघता म्हणाले, “ठेकेदाराला मी सांगितलं होतं.”

पुढचं अंतर टेम्पोतून, मिरच्यांच्या पोत्यांवर बसून. शिंकत आम्ही बंगल्यापाशी उतरलो तेव्हा दुपार कलली होती.

बंगला म्हणजे उंच छताची दोन दालनं आणि भोवती ओटा. तिथले राखणदार दगा आबा, वय सत्तरीच्या आसपास, निवृत्त होऊनही तिथेच राहणारे. आता मुलगा नोकरीवर आहे आणि काम आबाच करतात. आम्हाला पाहून त्यांनी आधी पाणी दिलं आणि मग विचारलं, “कथाईन उनात?” कुठून आलात, म्हणजे. त्यांची अहिराणी मला कळते, बोलता येत नाही. अण्णा आमच्या पूर्वेकडच्या बोलीत बोलत होते, आबा त्यांच्या, आणि दोघांचं छान जमलं.

दार उघडलं. समोरच्या भिंतीवर चित्र.

मी मनात जे धरून आले होते त्याहून ते मोठं होतं. मी हात पसरले असते तरी कडा हाताला लागल्या नसत्या. चौकटीला दारं-खिडक्यांचाच चॉकलेटी रंग फासलेला. आत करडं आभाळ, काळं तीन डोलकाठ्यांचं जहाज, फाटायला आलेली शिडं, आणि खाली लाटा. लाटा मला जरा नांगरटीच्या तासांसारख्या वाटल्या, एकीपासून दुसरी सारख्या अंतरावर. पण मी समुद्र पाहिलेला नाही, तेव्हा मला काय कळणार, असं म्हणून मी आधी माझा आकडा शोधला.

तो होता. जहाजाच्या काळ्या कुशीवर, पांढरा, ठळक, सरांनी लिहिला होता अगदी तसाच. ४७.

अगदी तसाच. मराठीत.

सर तो कंदिलाच्या उजेडात पाहून जसाच्या तसा वहीत उतरवून आले होते. मराठी वहीत मराठी आकडा. तो वाचताना मला काय खटकणार होतं? आता भिंतीवर पाहताना मात्र खटकलं. विलायतेहून आलेल्या फौजेच्या जहाजावर मराठी आकडा कोण घालणार?

“आबा,” मी विचारलं, “हा आकडा कुणी टाकला?”

“मीज टाकेल शे,” आबा म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला. इतक्या वर्षांत त्यांना हे कुणी विचारलं नसावं. “साहेब बोलना, बठ्ठ्या सामानवर नंबर पाह्यजे. मी टाकी दिना. खुर्चीवर, पलंगवर, याच्यावर.”

“पण मागे टाकायचा ना. पाठीवर.”

“मांगे भिंत शे. तपासणीवाला साहेब काय भिंतमा घुसी?”

“मग चौकटीवर टाकायचा. जहाजावर कशाला?”

आबांना माझं अडाणीपण पाहून कीव आली असावी. ते चित्राजवळ गेले आणि हाताने दाखवू लागले. “पाह्य. हाई चौकट दर दिवाळीले रंगाडतस, नंबर पुसाई जास. वर ढग. खाले बठ्ठं पाणीज पाणी. पांढरा रंग दिसाले काळी जागा एकज शे.” मग थोडं मागे सरून, स्वतःच्या कामाकडे बघत, “पोळ्याले बैलस्ना शिंगं मी रंगाडस. मना हात हालत नही.”

खरंच हलला नव्हता. चारचं पोट आणि सातचा बाक इतका सुबक होता, की सबंध चित्रात तेवढंच कुणीतरी आनंदाने काढलंय असं वाटावं.

मी बाहेर ओट्यावर येऊन बसले. राग कुणावर काढायचा ते कळेना. आबांवर काढता येत नव्हता, त्यांनी सांगितलेलं काम केलं होतं. सरांवर काढायची माझी हिंमत नव्हती. मग अण्णांवर निघाला. ते अजून आतच होते. “अण्णा, चला आता. पाहून झालं.”

“थांब बई.”

“शेवटचा टेम्पो जाईल.”

“आबा, एक स्टूल द्या,” अण्णांचा आवाज आला.

मी आत गेले तर ते स्टुलावर चढून चित्राच्या डाव्या काठाला नाक लावून उभे. मग उतरले, स्टूल उजवीकडे नेलं, परत चढले. मला शिंदखेड्याची भिंत आठवली आणि मी डोळे मिटले.

“इकडे ये. हे भोक पाहा. खिळ्याचं आहे. आता तिकडे पाहा, त्याच उंचीवर दुसरं.” जिथे आभाळ संपून पाणी सुरू होतं त्या रेषेच्या दोन टोकांना खरोखरच दोन बारीक भोकं होती. “यानं दोरी बांधली होती. आपण विटांचे थर लावायले बांधतो तशी. अन् दोरीवरून पाणी काढलं.”

मी बोटाने रेषा चाचपली. रंगाखाली एक बारीक ओरखडा लागत होता, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

अण्णांनी मग पिशवीतून ते काढलंच. जहाजाच्या मधल्या डोलकाठीसमोर ओळंबा धरला आणि एक डोळा मिटला. नंतर पुढची, नंतर मागची. “तिन्ही ओळंब्यात. वारा एवढा सुटला, कापड फाटायले आलं, अन् खांब उभेच्या उभे. गडी इंजिनियर खरा. नोकरी सोडली, पण वाकडं काढणं काही जमलं नाही त्याले.”

“चित्र असं बघत नाहीत, अण्णा.”

“मग कसं बघतात?”

मी स्टूल उचलून आबांना परत दिलं.

टेम्पो गेलाच. आबांच्या घरी फुनके, म्हणजे डाळीचे वाफवलेले मुटके, आणि कढी जेवलो. आमच्याकडे पाहुण्याला आग्रह तोंडाने करतात, इकडे न विचारता ताटात पडतं. माझी भूक मेली होती, पण आबांच्या सुनेने चार फुनके वाढले आणि मी चारही खाल्ले.

गुरुवार, जळगाव

बसस्टँडवरून अण्णा घरी गेले आणि मी तशीच सरांकडे. सांगायला सुरुवात तीनदा केली. सरांनी मध्ये एकदाच विचारलं, “आकडा मराठीत होता?” मग उठून कपाटातून जुनी वही काढली, ते पान उघडलं आणि आकड्यावर बोट ठेवलं.

“परवा वाचायचंय,” ते म्हणाले. “आता मोडतोड करू नकोस. आहे तसा निबंध चांगला आहे. तिथं पाहायला कोण जातंय?”

मी हो म्हटलं नाही. पण ज्या माणसाने न आणि ण लिहायला शिकवलं त्याला नाही म्हणायचं कसं, हे मला कुणी शिकवलेलं नव्हतं. घरी येईपर्यंत त्या आकड्याचा, त्या वहीचा, त्या खात्याचा आणि माझा स्वतःचा मला मनस्वी वैताग आला होता.

अण्णा पाय धूत होते. सर काय म्हणाले ते मी सांगितलं.

“किती पानं चुकली?”

“चार.”

“मग चार थर उतरव. दोन दिवसाचं काम आहे.” आणि टॉवेल मागितला.

शनिवार

मी नऊ पानं वाचली. सात जुनी, दोन नवीन. आकड्याबद्दल एवढंच म्हटलं, की तो बंगल्याच्या सामानाचा क्रमांक आहे, मी तो न पाहता जहाजाचा मानला होता. सभागृहात हसू पसरलं. पहिल्या रांगेत सर होते. हसू ओसरल्यावर ते उभे राहिले. “चूक तिची नाही. ती माझ्या वहीतली आहे,” असं म्हणाले आणि खाली बसले. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. मी पुढचं पान उलटलं.

परीक्षकांनी विचारलं, दोरीच्या मुद्द्याला आधार कोणता. मी म्हटलं, माझे वडील. ग्रंथ कोणता, म्हणाले. मी म्हटलं, ग्रंथ नाही, ते गवंडी आहेत. त्यांनी काहीतरी लिहून घेतलं.

पुण्याला दुसऱ्या एकाचा ताम्रपटांवरचा निबंध गेला. तो चांगलाच होता.

माझ्या घरी पंधरा दिवसांनी एक सरकारी पाकीट आलं. आमच्या पत्त्यावर आलेलं पहिलंच, म्हणून गल्लीतले दोघे-तिघे सोबत आले. आत छापील कागद होता: आपण केलेल्या फ्रेमच्या पाहणीचा अहवाल अद्याप अप्राप्त असून तो त्वरित सादर करावा. कारकुनाने सांगितलं होतं आणि मी मान डोलावली होती. वैतागतच पेन घेऊन बसले.

वस्तूचे नाव: फ्रेम, लाकडी, मोठी. वस्तू क्रमांक. इथे मी जरा थांबले. माझ्या चार पानांत जे खोटं ठरलं होतं, ते या एवढ्याशा चौकोनात अगदी खरं होतं. लिहिलं, ४७. आबांसारखं सुबक जमलं नाही.

मग ‘सद्यस्थिती’ असा रकाना आला. काय लिहावं सुचेना, म्हणून अण्णांना विचारलं. ते दारात बसून थापी पुसत होते.

“ओळंब्यात आहे म्हणून लिही,” ते म्हणाले.

मी तसंच लिहिलं, आणि खाली सही केली.